पाथरीहून आणलेलं अस्सल पिल्लू

"कापूस वेगळा आन् कुत्रं वेगळं, अंगदराव. हे तुमचं काम न्हाई."

भुजंगराव एवढं एकच वाक्य सहज बोलले आणि आपल्या पांढऱ्याशुभ्र, उशीएवढ्या पॉमेरियनला घेऊन पुढं निघूनही गेले. पण मानवतच्या त्या गल्लीत पुढचा महिनाभर जे काही रामायण झालं, त्याचं खापर कुणावर फोडायचंच असेल तर ते या वाक्यावर फोडावं लागेल. अंगदरावांनी फाटकातून त्या पॉमेरियनकडं बघून फक्त इतकंच म्हटलं होतं की, "केस जरा मिसळ वाटायलेत." यात भुजंगरावांना झोंबण्यासारखं काय होतं? असेलही थोडं. पण म्हणून माणसाच्या पारखीवर जायचं?

अंगदराव जिनिंगमध्ये ग्रेडर आहेत. शेतकऱ्याचा टेम्पो आवारात आला की त्यात खोलवर हात घालायचा, चिमूटभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायचा, धागा किती लांब निघतो ते बघायचं, एकदा नाकाशी न्यायचा आणि सांगायचं, एक नंबर, दोन नंबर की कवडी. सव्वीस वर्षं ते हेच करत आलेत. ओलावा मोजायचं यंत्र ऑफिसात आहे, पण शेतकरी यंत्राशी भांडतो आणि अंगदरावांचं ऐकतो. "अंगदमामाची जबान" असं आवारात म्हणतात. अशा माणसाला गल्लीत, स्वतःच्या फाटकात, एका पॉमेरियनवाल्यानं सांगावं की हे तुझं काम नाही!

त्याच दिवशी जेवताना अंगदरावांनी जाहीर केलं की आपण कुत्रं घेणार आहोत. जातिवंत. आणि तेही रीतसर, जबाबदारीनं, सगळी चौकशी करून.

"कशाला?" त्यांच्या पत्नीनं, दैवशालाबाईंनी विचारलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. "तांबडी हाय की दारात."

तांबडी म्हणजे गल्लीतली कुत्री. रंगानं तांबूस, एका कानाला चीर गेलेली. ती अंगदरावांच्या फाटकाबाहेर बसायची, कारण दैवशालाबाई तिला रोज भाकरी टाकायच्या. दीड-दोन महिन्यांपूर्वी तिनं नालीच्या पुलाखाली तीन पिल्लं घातली होती. दहाएक दिवसांपूर्वी एका सकाळी तिन्ही गायब झाली. कुणी म्हणालं मोटारसायकलवर एक माणूस टोपली घेऊन आला होता, कुणी म्हणालं लांडगं आलं असंल. तांबडी चार दिवस गल्लीभर हुंगत, कण्हत हिंडली. त्या चार दिवसांत शेजारच्या नर्मदाबाईंनी तिला दोनदा दगड मारला, कारण दुपारची झोप मोडत होती.

"ती काय कुत्री हाय?" अंगदराव म्हणाले. "ती गल्लीत असती म्हणून हाय."

मग फोनवर लेकीला विचारणं झालं. रेणुका परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकते. तिनंही आधी तांबडीचंच नाव काढलं. "पप्पा, तिलाच लस टोचा, ऑपरेशन करून घेऊ, आन् ठेवा. लय गुणी कुत्री हाय." अंगदरावांनी घसा खाकरला. हे घसा खाकरणं म्हणजे काय ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मग तिनं सुस्कारा सोडला आणि विकतचंच घ्यायचं असेल तर काय काय बघायचं ते सांगितलं. पिल्लाची आई बघायची, आईजवळ पिल्लू कसं वागतं ते बघायचं. दोन महिन्यांच्या आतलं घ्यायचं नाही. लसीचा कागद, नोंदणीचा कागद. "आन् चांगला विकणारा तुमालाच उलटे प्रश्न विचारतो पप्पा, कुत्रं कुठं ठेवणार, कोण बघणार. न्हाई विचारले तर तसंच माघारी या."

अंगदरावांनी हे सगळं पावतीपुस्तकाच्या पाठीमागं लिहून घेतलं. माणूस पद्धतशीर आहे, त्यात वाद नाही.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही, आणि सल्ल्यांची तर रीघच लागली. एकानं सांगितलं, पिल्लू शेपटीनं उचलून बघा, ओरडलं नाही तर अस्सल. दुसऱ्यानं सांगितलं, ओरडलं तर अस्सल. नर्मदाबाई म्हणाल्या की कुत्रं अमावास्येला घरात आणू नये आणि मंगळवारी तर मुळीच नाही, आणि त्यांच्या भाच्यानं आणलं होतं तर त्याची बदली हिंगोलीला झाली. भुजंगराव दोनदा फाटकापुढून गेले आणि दोन्ही वेळा नुसते हसले. सल्ल्यापेक्षा ते हसणंच अंगदरावांना जास्त लागलं.

शनिवारी अंगदराव इस्त्रीचा शर्ट घालून जीपमधून पाथरीला गेले. अमृत नावाचा एक पोरगेला माणूस गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये पिल्लं विकायचा. त्याचा नंबर अंगदरावांना जिनिंगमधल्या एका ड्रायव्हरनं दिला होता.

अमृतनं आधी खुर्ची पुसून दिली. मग चहा आला. मग एक पिल्लू आलं. तांबूस, गुबगुबीत, एक पाय पांढरा.

"चॉकलेटी लॅब्राडोर," अमृत म्हणाला. "लय रेअर कलर, मामा."

अंगदरावांनी पावतीपुस्तक काढलं. पहिला मुद्दा, आई. अमृतनं बाजेला बांधलेली एक लठ्ठ, पिवळट लॅब्राडोर दाखवली. पिल्लू तिच्यापुढं सोडलं. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं, गुरगुरली आणि तोंड फिरवून बसली. पिल्लू घाबरून अंगदरावांच्या चपलेमागं लपलं.

"वळण लावायलीय," अंगदराव म्हणाले. अमृतला यावर काहीच म्हणावं लागलं नाही. त्यानं नुसती मान हलवली.

दुसरा मुद्दा, वय. "दोन महिन्याला दोन दिवस कमी." एवढं चालायचं, कापसातही दोन टक्के सूट देतात. तिसरा, कागद. कागद तर असा होता की बघत राहावा. जाड, गुळगुळीत, चारी बाजूंनी वेलबुट्टी आणि कोपऱ्यात सोनेरी शिक्का. अंगदरावांनी तो बोटांनी चाचपला. वजनदार कागद होता. खालचा बारीक इंग्रजी मजकूर त्यांनी, चष्मा घरी राहिल्यामुळं, सोडून दिला. राहिले उलटे प्रश्न. अमृतनं विचारलं, "मामा, पैशे रोख देणार का फोनवर?" प्रश्न विचारला म्हणजे विचारलाच. अंगदरावांनी तिथंही खूण केली.

आणि मग त्यांनी ते केलं जे रेणुकाच्या यादीत नव्हतं. पिल्लाच्या पाठीवरचे केस चिमटीत धरले, दोन्ही अंगठ्यांत घेतले आणि ओढले. पिल्लू केकाटलं. अंगदरावांनी केस उजेडात धरले, डोळे बारीक केले आणि सव्वीस वर्षांच्या अनुभवानं दर्जा लावला.

"एकटाकी माल हाय. भेसळ बिलकुल न्हाई."

अमृतनं हात जोडले. "मामा, इतके गिऱ्हाईक बघितले, पण अशी पारख बघितली न्हाई." हे मात्र तो खरं बोलला.

आता कुणी म्हणेल की रोज जिला ओलांडून जातो तिच्या पिल्लाला हा माणूस कसा ओळखू शकला नाही? पण अंगदरावांनी तांबडीला फाटकातून रोज हुसकावलं होतं, आणि हुसकावताना कुणी बघत नसतं. तिची पिल्लं तर त्यांच्या दृष्टीस कधी पडलीच नव्हती. नालीच्या पुलाखाली बघायचं त्यांना काय कारण?

जीपमध्येच त्यांनी पिल्लाचं नाव ठेवलं, सुलतान. आणि घरी फोन करून सांगितलं की निघालो आहे, यात 'सगळ्यांना सांगून ठेवा' असा अर्थ होता. दैवशालाबाईंनी सांगितलं नाही. पण फोन स्पीकरवर होता आणि नर्मदाबाई पोह्याचे पापड वाळत घालायला अंगणात आल्या होत्या.

जीप चौकात थांबली तेव्हा गल्लीत पंधरावीस माणसं उभी होती. नर्मदाबाईंनी तर ओवाळायला ताट आणलं होतं, हळदकुंकू, तेवता दिवा, सगळं. भुजंगराव पॉमेरियनला कडेवर घेऊन लांब उभे होते. अंगदराव पिल्लू छातीशी धरून, मान सरळ ठेवून चालत आले. नर्मदाबाईंनी पिल्लाच्या कपाळाला कुंकू लावलं, ताट फिरवलं. "काय राजबिंडं हाय," त्या म्हणाल्या. "जातिवंत ते जातिवंतच, बाप्पा. तोंडावरच कळतं."

तेवढ्यात तांबडी आली.

ती कुठून आली कुणाला दिसलं नाही. माणसांच्या पायांतून घुसली, दोन पाय अंगदरावांच्या इस्त्रीच्या शर्टावर ठेवले आणि पिल्लाला हुंगलं. पिल्लू असं काही किंचाळलं आणि असं काही वळवळलं की अंगदरावांच्या हातून सुटलंच. खाली पडलं ते थेट तांबडीच्या पोटाशी गेलं आणि चुरूचुरू पिऊ लागलं. तांबडी आडवी झाली. कपाळावरचं कुंकू तिच्या पोटाला लागलं, ती ते आणि पिल्लू दोन्ही चाटत राहिली. ती इतकी चाटत होती की पिल्लाला धड पिताही येईना.

नर्मदाबाईंच्या हातातला दिवा तसाच जळत होता.

"मायला वळखलं की वो लेकरानं," शेवटी त्याच म्हणाल्या. मग वाकून नीट बघत त्यांनी भर घातली, "आन् अगं माय, सुलतान तर पोरगी हाय!"

पहिलं कोण हसलं ते सांगता येत नाही. शेवटी भुजंगराव हसले, पण सगळ्यात जास्त वेळ तेच हसले.

आता इथं एखादा मऊ माणूस असता तर कबूल करून मोकळा झाला असता. अंगदराव तसे नाहीत. त्यांनी तिथंच सांगितलं की जातिवंत पिल्लू मनानं मोकळं असतं, ते कुणाही मादीजवळ जातं, गावठी पिल्लू असतं तर बुजलं असतं. दुसऱ्या दिवशी सांगितलं की जीपच्या प्रवासात त्याला भूक लागली होती. तिसऱ्या दिवशी सांगितलं की रंग सारखा असणं हा योगायोग आहे, आणि चौथ्या दिवशी कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं की कानाचा आकार बघा, तांबडीच्या कानाला चीर आहे, हिच्या आहे का?

दैवशालाबाई या काळात फारसं बोलल्या नाहीत. त्यांनी फाटक उघडं ठेवायला सुरुवात केली, इतकंच. तांबडी आत यायची, पाजायची आणि ओसरीवर पडून राहायची. एकदा मात्र त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "सकाळी जिला धोंडे मारायचे, संध्याकाळी तिच्याच लेकराला ओवाळायचं. जीपमधी बसून आलं म्हणून. मला तर लाज वाटली बाई." अंगदरावांनी पेपर वर धरला.

पण वादाचा निकाल कागदावर लागतो यावर त्यांची श्रद्धा आहे. म्हणून पुढच्या सोमवारी सुट्टी टाकून, पिल्लू काखेत आणि तो सोनेरी शिक्क्याचा कागद पिशवीत घेऊन ते कुत्र्याचा परवाना काढायला नगरपालिकेच्या कचेरीत गेले. तिथला कारकून सज्जन होता. त्यानं कागद पूर्ण वाचला, आणि तेवढंच करायला नको होतं.

"काका, ह्याच्यात लॅब्राडोर हाय, बरोबर. पण नर हाय. रंग काळा. आन् जन्मतारखेनं तीन वर्षांचा."

अंगदराव म्हणाले, "छपाईची चूक असंल."

"तिन्ही?"

"छपाईचा काय भरवसा?"

कारकुनानं पिल्लाकडं बघितलं. पिल्लानं त्याच्या टेबलावर मुतलं. तो रागावला नाही, फडकं घेऊन पुसता पुसता म्हणाला, "मी गावठी म्हणून लिवतो की. त्याला कागद बी लागत न्हाई. आत्ता देतो परवाना."

"गावठी? बिलकुल न्हाई!" अंगदराव उठले. मागच्या बाकावर दाखल्याच्या आणि कसल्या कसल्या कामाला आलेली खेड्यांतली पाचसहा माणसं बसली होती. ती सगळं ऐकत होती आणि त्यातली निम्मी कापसाची होती.

मंगळवारी वालूरच्या रामकिशनचा टेम्पो जिनिंगच्या आवारात आला. अंगदरावांनी हात घातला, चिमूट काढली, ओढली, नाकाशी नेली. "ओल हाय. दोन नंबर."

एरवी रामकिशननं मान डोलावली असती. त्या दिवशी त्यानं टेम्पोच्या फळीवर पाय ठेवला आणि आवारभर ऐकू जाईल असं म्हटलं, "मामा, मी म्हणतो, काळा नर आन् तांबडी मादी ज्याला कळंना, त्याला माझ्या कापसातली ओल कशी कळती?"

ओट्यावर बसलेले सगळे हसले. हमाल हसले. चहावाला हसला. रामकिशननं टेम्पो वळवला आणि दुसऱ्या जिनिंगला नेला. त्याच्यामागं आणखी दोन टेम्पो गेले.

दुपारी जिनिंगच्या शेठनं बोलावलं. शेठ माणूस गोड. त्यांनी पाणी विचारलं, तब्येत विचारली, आणि म्हणाले, "अंगदराव, लोक हसायलेत. थोडे दिवस तुमी काट्यावर बसा. आपण यंत्र लावू दारात. गोष्ट थंडी होऊ द्या."

काटा म्हणजे वजनकाटा. तिथं गाडी चढते, यंत्र आकडा सांगतं आणि माणूस तो मोठ्यानं वाचतो. सव्वीस वर्षं ज्यानं बोटांनी कापूस वाचला त्यानं आता यंत्रानं सांगितलेलं वाचायचं. अंगदराव काट्याच्या खोपट्यात बसले आणि संध्याकाळपर्यंत आकडे वाचले. एकही चुकला नाही. चुकणार कसा? त्यात चुकण्यासारखं काही नव्हतंच, आणि हेच त्यांना सोसेना. घरी आल्यावर त्यांनी शर्टही बदलला नाही, अंगणातल्या खुर्चीत तसेच बसून राहिले.

"उद्या परत देऊन येतो," ते म्हणाले. "फसवलंय त्यानं मला. लोकांना सांगता तरी येईल की फसवला होता, म्हणून माघारी दिलं."

दैवशालाबाईंनी पिल्लाकडं बघितलं. ते तांबडीच्या पुढच्या दोन पायांत झोपलं होतं. "द्या की," त्या म्हणाल्या. "तुमच्या इज्जतीपुढं मी काय बोलू. पण तांबडीला तुमीच सांगून जा."

सकाळी अंगदरावांनी टोपलीत पिल्लू घातलं. तांबडीला काही सांगितलं नाही. सांगायची काय गोष्ट आहे, कुत्री आहे ती. पण तिनं टोपली बघितली आणि उठली. ती भुंकली नाही की अंगावर आली नाही, नुसती मागं मागं आली. चौकापर्यंत आली, जीपच्या थांब्यापर्यंत आली. जीप सुटल्यावर अंगदरावांनी मागं बघायचं नाही असं ठरवलं होतं. आरशात तांबडी दिसली, त्याला त्यांचा इलाज नव्हता.

अमृतनं पुन्हा खुर्ची पुसून दिली. यावेळी अंगदराव बसले नाहीत.

"मानवतच्या नालीतून उचललंस."

अमृतनं नाकारलंसुद्धा नाही. "व्हय मामा."

"बाकीची दोन?"

"एक सोनपेठला गेलं, एक सेलूला. लय मजेत हायेत. सेलूचं तर पलंगावर झोपतंय, मच्छरदाणीत." त्यानं मोबाइल काढून फोटो दाखवला. खरंच मच्छरदाणीत होतं. "मामा, एक सांगू का? आधी मी फुकट वाटायचो. खरंच. रस्त्यावरची पिल्लं उचलायची आन् दारोदार म्हणायचं, न्या, पाळा. एक जण हात लावंना. म्हणायचे, घाण करतंय, गावठी हाय. मग पैशे सांगितले, सोनेरी शिक्का लावला, इंग्रजी नाव दिलं. आता रांग लागती. तेच पिल्लू फुकट दिलं की रस्त्यावर, इकत दिलं की गादीवर. मी चोर हाय, कबूल. पण मला चोर केलं कुणी?"

अंगदरावांना भयंकर राग आला. माणूस चोर असावा, पण त्याचं म्हणणं तरी चोराचं असावं. हा तर बरोबर बोलत होता.

"ठेवा टोपली," अमृत म्हणाला. "पैशे माघारी देतो. हिच्यासाठी दुसरं गिऱ्हाईक तयार हाय. शनिवारी येणार हाय. तुमी लोकांना सांगा, पाथरीवाल्यानं फसवलं. माझं काय, मला बोलणी खायची सवय हाय. तुमची पारख बी साबूत राहील."

अंगदरावांनी टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. पिल्लानं त्यांचं बोट चावायला घेतलं. ज्या बोटांनी दर्जा लावला होता, त्यांतलंच एक.

"तू सांगितलंस लॅब्राडोर," ते हळू बोलायला लागले आणि बोलता बोलता आवाज चढत गेला. "पण एकटाकी कोण म्हणलं? मी म्हणलो. बारीक मजकूर कुणी वाचला न्हाई? मी. ती पिवळी गुरगुरली तवा वळण लावायलीय म्हणून कोण म्हणलं? तू तर तोंड बी उघडलं न्हाईस! दर्जा मी लावलाय. माझा लावलेला दर्जा तुझ्या नावावर खपवू? मला काय समजतोस तू?" पैसे अमृतच्या हातात होते ते तसेच राहिले. "आन् ऐक. त्या नालीपाशी परत दिसलास तर टोपलीत घालून तुलाच इकीन."

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी भुजंगराव भेटले. टोपली बघून म्हणाले, "काय, घेतलं न्हाई वाटतं माघारी?"

"त्यानं घेतलं असतं. मी दिलं न्हाई."

"म्हंजे हे गावठी ठेवणार?"

"दोन्ही ठेवणार. मायलेकी. काय म्हणणं हाय?"

तांबडी तोपर्यंत धावत आली होती आणि तिच्या अंगदरावांवरच्या उड्या बघून पॉमेरियन भुजंगरावांच्या धोतराआड गेला होता. त्याच रात्री रेणुकाला फोन गेला. दोघींच्या लसी, तांबडीचं ऑपरेशन, सगळं परभणीला करायचं ठरलं. ती फोनवर रडली की हसली ते अंगदरावांना कळलं नाही.

गल्लीचं हे असं झालं. पण जिनिंगचं राहिलंच होतं, आणि जिनिंगचं तोंड चुकवून चालत नाही.

तिथं एक जुना दस्तूर आहे, कागदावर तो कुठंच सापडणार नाही. त्याला फेरपारख म्हणतात. ग्रेडरचा दर्जा चुकला अशी बोंब झाली तर माल सगळ्यांसमोर ओट्यावर ओतायचा. ग्रेडरनं चपला काढायच्या, हात धुवायचे आणि पहिल्यापासून परत बघायचं. पहिलं बरोबर निघालं तर बोंब मारणाऱ्यानं गप्प बसायचं, आणि चुकलं असेल तर ग्रेडरनं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं. अंगदरावांची फेरपारख सव्वीस वर्षांत तीनदा झाली होती आणि तिन्ही वेळा पहिलंच बरोबर निघालं होतं.

गुरुवारी सकाळी आवार भरलेलं होतं. रामकिशनचा टेम्पोही होता, तिकडं भाव न पटल्यामुळं मुकाट्यानं परत आलेला. अंगदराव काट्याच्या खोपट्याकडं गेले नाहीत. ते सरळ ओट्यावर आले, चपला काढल्या, बादलीत हात धुतले आणि पिशवीतून पिल्लू काढून ओट्यावर ठेवलं. तांबडी मागून आली आणि ओट्याच्या कडेला बसली. शेठ ऑफिसच्या दारात आले, काही म्हणणार होते, पण थांबले. दस्तूर त्यांच्या बापापासूनचा होता.

"फेरपारख हाय," अंगदराव म्हणाले. "माल माझा, बोंब बी माझीच."

कुणी हसलं नाही. त्यांनी पिल्लाचे केस चिमटीत धरले, ओढले, उजेडाला धरले. यावेळी चष्मा होता.

"धागा आखूड. रंग मिसळ, तांबूस आन् पांढरा. बूड मजबूत. जात गावठी, मानवतची, नालीच्या पुलाखालची. पहिल्यांदा मी हिला लॅब्राडोर म्हणलो. पहिला दर्जा चुकला. मी चुकलो."

आवारात कबुतरांची फडफड ऐकू येत होती. अंगदरावांची मान ताठ होती, आणि त्यांना अजून संपवायचं नव्हतं.

"का चुकलो ते बी ऐका. मला लॅब्राडोर पाहिजे होतं. गल्लीत मिरवायचं होतं. म्हणून मला लॅब्राडोर दिसलं. ज्याला काही पाहिजे असतंय त्याला नीट दिसत न्हाई, तुमी कुणी बी असा. कापूस बघताना मला कायच नको असतंय. तुमचा एक नंबर निघाला तरी माझ्या घरात काही येत न्हाई, कवडी निघाली तरी काही जात न्हाई. म्हणून सव्वीस वर्षं चुकलो न्हाई. आता कुणाला यंत्राकडं जायचं त्यानं जावं. ही कुत्री माझी हाय. तिची माय बी माझी हाय. हसायचं त्यानं इथं, तोंडावर हसावं."

मग रामकिशन टेम्पोवरून खाली उतरला, फळी पाडली आणि म्हणाला, "मामा, माझं बघा."

अंगदरावांनी बादलीत परत हात धुतले, सदऱ्याला पुसले. टेम्पोत कोपरापर्यंत हात घातला. चिमूट काढली, दोन्ही अंगठ्यांत धरली, ओढली, नाकाशी नेली. आवारातला प्रत्येक माणूस त्यांच्या बोटांकडं बघत होता. एक नंबर म्हणाले असते तर त्या घडीला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आणि हे अंगदरावांना चांगलं ठाऊक होतं.

"ओल हाय," ते म्हणाले. "दोन नंबर."

रामकिशननं एकदा अंगदरावांकडं बघितलं, एकदा आपल्या कापसाकडं. मग ड्रायव्हरकडं वळला.

"घे रे मागं," तो म्हणाला. "दोन नंबरच्या गंजीवर ओत."